स्तुतीला मोल नसते तेव्हा

आम्हा कवी मंडळींचा स्तुतीशी जुना व्यवहार आहे. फारसी-उर्दूत कसीदा नावाचा काव्यप्रकार आहे. बादशहाची किंवा नवाबाची तारीफ करायची, त्याच्या दानतीला समुद्राची उपमा द्यायची आणि शेवटी आपली गरज हळूच कानावर घालायची, अशी त्याची रीत. आपल्याकडच्या भाटांनीही फार वेगळे केले नाही. त्यामुळे ‘स्तुती’ हा शब्द ऐकला की माझ्यातला कवी आधी विचारतो, बदल्यात काय हवे आहे? आणि ज्याचे सगळेच आहे, त्या ईश्वराला माणसाच्या तोंडची तारीफ हवी तरी कशाला? ख्रिस्ती जीवनातल्या स्तुती-आराधनेविषयी बोलताना मी इथूनच सुरुवात करतो, कारण हा प्रश्न ख्रिस्ती लोकांनी स्वतःलाही विचारलेला आहे.

कॅथलिकांच्या मिस्सामध्ये म्हणायच्या प्रार्थनांपैकी एकीत त्याचे सरळ उत्तर आहे. तिचा आशय असा, की देवाला आमच्या स्तुतीची गरज नाही, तिने त्याची थोरवी तसूभरही वाढत नाही. पण आमचे मात्र भले होते, आणि स्तुती करावीशी वाटणे हेही त्याचेच देणे आहे. कसीद्याचा हिशेब इथे उलटा होतो. देणारा आधीच देऊन बसलेला आहे. मागाहून उरते ती कृतज्ञता. मराठी ख्रिस्ती बांधवांचा तिच्यासाठी एक सुरेख शब्द आहे, ‘उपकारस्तुती’. मिस्साच्या केंद्रस्थानी भाकर आणि द्राक्षारसाचा जो विधी आहे, त्याला ‘युखरिस्त’ म्हणतात. त्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थही आभार मानणे हाच.

स्तुती आणि आराधना हे शब्द आपण जोडीने वापरतो, पण ते एक नव्हेत. स्तुती तोंडाने होते, मोठ्याने आणि चारचौघांत. ‘हालेलूया’ हा शब्द सर्वांनी ऐकला असेल. तो हिब्रू आहे. ‘हालेलू’ म्हणजे स्तुती करा आणि ‘याह’ हे देवाच्या नावाचे आखूड रूप. म्हणजे हा देवाला उद्देशून काढलेला उद्गार नाही, शेजाऱ्याला दिलेली हाक आहे: चला, आपण मिळून म्हणू या!

आराधनेचे मूळ मात्र कंबरेत आणि गुडघ्यांत आहे. बायबलमधल्या हिब्रू आणि ग्रीक शब्दांचा अर्थ वाकणे, पालथे पडणे असा आहे. जुन्या करारातील दानीएलच्या पुस्तकाचा काही भाग अरामी भाषेत आहे. तिथे यासाठी ‘सगद’ हा धातू येतो. आमच्या ‘सजदा’चा हा सख्खा भाऊ. ‘मशीद’ हा शब्दही त्याच घराण्यातला, सजद्याची जागा. त्या पुस्तकात गोष्ट अशी आहे. बाबेलच्या राजाने सोन्याचा पुतळा उभारला आणि फर्मान काढले, की वाद्ये वाजू लागताच सर्वांनी त्याच्यापुढे लोटांगण घालावे. शिंगे, बासऱ्या, वीणा, सगळा ताफा वाजला. सगळे आडवे झाले. तीन यहुदी तरुण मात्र उभे राहिले आणि त्याबद्दल भट्टीत टाकले गेले. संगीत उत्तम होते, गर्दीही होती. पण त्या मैदानात खरी आराधना त्या न वाकलेल्या तिघांची होती.

अलीकडे अनेक चर्चमध्ये ‘प्रेझ अँड वर्शिप’ नावाचा स्वतंत्र भागच असतो. गिटार, कीबोर्ड, ड्रम्स, पडद्यावर गाण्याचे शब्द. आधी टाळ्यांची वेगवान गाणी, ती स्तुती. मग लय उतरते, डोळे मिटतात, हात वर होतात, ती आराधना. या क्रमामागे शंभराव्या स्तोत्राचा आधार सांगतात. मंदिराच्या दरवाजातून आभार मानत शिरावे, अंगणात स्तवन करत यावे, अशी त्यातली कल्पना. स्पीकरचा आवाज जरा कमी असता तर माझ्यासारख्या पाहुण्याची सोय झाली असती; पण तरुण मुले तिथे मनापासून गातात, हे मी पाहिले आहे.

मराठी ख्रिस्ती उपासनेची जुनी वाट वेगळी होती. मूळचे इंग्रज असलेले फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचले. ते 1616 साली गोव्यात छापले गेले. त्याच शतकात इकडे श्रीगोंद्याचे शेख महंमद ‘योगसंग्राम’च्या ओव्या लिहीत होते. आम्हा परधर्मी म्हणवणाऱ्यांना ओवीने घरात घेतले ते असे. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताची भजने, अभंग लिहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. त्यांची भजने मराठी मंडळ्या आजही पेटी-तबल्यावर म्हणतात. मला ती जास्त जवळची वाटतात, पण हा आवडीचा भाग झाला.

खरी कसोटी वाद्यांची नाहीच. आमोस नावाचा मेंढपाळ संदेष्टा येशूच्या सातशेहून अधिक वर्षे आधी होऊन गेला. त्याच्या काळी सण थाटात होत आणि बाजारात तराजू खोटे असत. देवाच्या वतीने तो म्हणाला, तुमच्या गाण्यांचा गोंगाट बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. गाणाऱ्यांना इतके कडक शब्द कोणी सुनावल्याचे मी तरी वाचलेले नाही.

आणि दुःखाचे काय? काही वर्षांपूर्वी अहिल्यानगरातील, म्हणजे आमच्या तोंडी अजून बसलेल्या नगरातील, माझ्या एका शिक्षक मित्राचा तरुण मुलगा अपघातात गेला. चर्चमध्ये शवपेटी समोर होती आणि लोक गात होते. जनाज्याच्या नमाजातही आम्ही अल्लाहची स्तुती करतो, पण उभ्याने, जवळजवळ मूकपणे. इथे पेटी वाजत होती, बायका रडता रडता सूर धरत होत्या. माझा मित्र पहिल्या बाकाशी उभा होता. त्याचे ओठ मिटलेले होते.

दोनेक महिन्यांनी मी त्याला म्हणालो, “तू गात नव्हतास.”

“जमलंच नाही. पण मंडळी गात होती ना? माझ्या वाटणीचं त्या दिवशी त्यांनी म्हटलं. नाही तर मंडळी असते कशाला?”

“आणि देवाची स्तुती?”

“ती नंतर बघू. आधी मला त्याच्याशी भांडायचंय. त्याचीही सोय आहे आमच्या पुस्तकात.”

ती सोय खरोखरच आहे. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे आहेत. आम्ही जिला झबूर म्हणतो आणि दाऊद पैगंबरांना मिळाली असे मानतो, तिचीच आठवण देणारे हे पुस्तक. हिब्रूत त्याचे नाव ‘तेहिल्लीम’, म्हणजे ‘स्तवने’. प्रत्यक्षात त्यात विलापांचीच संख्या मोठी आहे. देवा, तू कुठे आहेस, किती दिवस गप्प राहणार, असे थेट जाब विचारणारे! बहुतेक विलाप शेवटी आशेकडे वळतात. 88वे स्तोत्र वळत नाही, ते काळोखाच्या उल्लेखावरच संपते. तरीही संकलकांनी ते ‘स्तवने’ या नावाच्या ग्रंथात ठेवले. क्रूसावर येशूच्या तोंडी आलेला टाहो, देवाने आपल्याला का टाकले असे विचारणारा, 22व्या स्तोत्राच्या आरंभीचा आहे. ज्याच्यावर रुसायचे तो ऐकतो आहे, एवढे धरल्याशिवाय अशी तक्रार करता येत नाही. म्हणून तीही आराधनेतच मोजली गेली.

मित्र ते 88वे स्तोत्र कितीतरी रात्री वाचत असे. रविवारी चर्चमध्ये जाणे त्याने सोडले नाही, नुसता उभा राहायचा. पुढे कधीतरी तो पुन्हा गाऊ लागला. नेमका कोणत्या रविवारी, हे त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही.