अधिवासखंडांच्या आकृतीचे मोजमाप

मराठीत 'आकार' हा शब्द लहानमोठेपणा आणि रूपरेषा या दोहोंसाठी योजला जातो. प्रस्तुत लेखात पहिल्या अर्थी 'आकारमान' व दुसऱ्या अर्थी 'आकृती' असे म्हटले आहे.

सह्याद्रीच्या पायथ्याशी १०० मीटर बाजूची एक चौरस देवराई आहे आणि ओढ्याच्या काठाने ४०० मीटर लांब, २५ मीटर रुंद असा एक झाडोरा आहे, अशी कल्पना करू. दोहोंचे क्षेत्रफळ एक हेक्टरच. परंतु ऊन, वारा व गुरांचा वावर यांचा परिणाम कडेपासून २० मीटर आत पोहोचतो असे मानल्यास देवराईत ३,६०० चौरस मीटर गाभा शिल्लक राहतो, तर झाडोऱ्यात काहीच राहत नाही. सावलीच्या ओलाव्यावर जगणाऱ्या जातींच्या दृष्टीने ही दोन वने समान नव्हेत.

हा भेद अंकांत कसा मांडावा? परिमितीस क्षेत्रफळाने भागणे हा सरळ मार्ग. पण १०० मीटर बाजूच्या चौरसास त्याने ०.०४ व १,००० मीटर बाजूच्या चौरसास ०.००४ असे उत्तर मिळते. आकृती तीच असता अंक दहापट बदलतो. म्हणून पॅटन यांनी १९७५ मध्ये खंडाच्या परिमितीस समक्षेत्र वर्तुळाच्या परिघाने भागावे असे सुचविले. (सरोवरांच्या अभ्यासकांना हे गुणोत्तर तटरेषेच्या संदर्भात पूर्वीच परिचित होते.) वर्तुळाचा आकृत्यंक १, आपल्या देवराईचा १.१३ आणि झाडोऱ्याचा २.४०.

खरी अडचण नकाशात आहे. उपग्रहचित्र चौकटींचे बनलेले असते, त्यामुळे तिरपी कडा जिन्याच्या पायऱ्यांसारखी मोजली जाते. वर्तुळाची अशी परिमिती व्यासाच्या चौपट भरते व आकृत्यंक १ ऐवजी सुमारे १.२७ येतो. चौकटी बारीक केल्या म्हणजे हा दोष जाईल असे विद्यार्थ्यांना हटकून वाटते. तो जात नाही, कारण पायऱ्या लहान होतात तशा संख्येने वाढतात. तीच चौरस देवराई ४५ अंशांनी फिरविली तर १.१३ चा आकृत्यंक १.६० च्या घरात जातो, आणि वनात तर एक झाडही हललेले नसते! १९९५ च्या 'फ्रॅगस्टॅट्स' या संगणकप्रणालीत चौकटींच्या नकाशांसाठी वर्तुळाऐवजी चौरस प्रमाण धरला गेला. त्याने अंक आटोक्यात येतात, पण दिशेचा दोष उरतोच. शिवाय ३० मीटरच्या चौकटीत आपला २५ मीटरचा झाडोरा तुटक उमटण्याचा संभव आहे. मग मोजावयाचा खंड कोणता?

मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये किनाऱ्याच्या लांबीविषयी जो प्रश्न उपस्थित केला, तोच येथे पुन्हा उभा राहतो: मोजपट्टी जितकी लहान तितकी वेडीवाकडी कडा लांब. त्यांच्या फ्रॅक्टल मितीचा उपयोग क्रुमेल व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मिसिसिपीतील वनखंडांसाठी केला. क्षेत्रफळ व परिमिती यांच्या लॉगरिदमांचा आलेख काढून रेषेचा चढ दुप्पट केला की मिती मिळते. त्यांना लहान खंडांची मिती कमी व मोठ्यांची अधिक आढळली. शेतांच्या सरळ बांधांनी लहान खंडांच्या कडा आखल्या गेल्या होत्या, मोठ्यांच्या कडा मात्र भूरचनेच्या वळणाने जात होत्या, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. हा आलेख अनेक खंडांवरून निघतो. एकट्या देवराईस अशी मिती चिकटविणे सयुक्तिक नव्हे. तिच्यासाठी आकृत्यंक आणि प्रत्यक्ष मोजलेला गाभा हे दोन्ही, चौकटीच्या मापासह, द्यावेत.