गायक गेल्यानंतरचं गाणं

‘द शो मस्ट गो ऑन’ हे गाणं जगभर फ्रेडी मर्क्युरीच्या आवाजात ओळखलं जातं, पण फ्रेडीनं ते रंगमंचावर एकदाही गायलं नाही. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडसोबतचा त्याचा शेवटचा जाहीर कार्यक्रम ९ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमधल्या नेबवर्थला लाखाहून अधिक श्रोत्यांसमोर झाला. त्यानंतरचे ‘द मिरॅकल’ (१९८९) आणि ‘इन्युएन्डो’ (१९९१) हे दोन अल्बम स्टुडिओतच घडले. पुढे आजारानं तो खंगत गेला आणि मैफली करणं शक्य राहिलं नाही. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, एड्समुळे उद्भवलेल्या न्यूमोनियानं तो गेला. पुढच्या वर्षी २० एप्रिलला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये सुमारे ७२ हजार लोकांसमोर त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला आणि तिथं हे गाणं एल्टन जॉननं गायलं. या गाण्याचं मंचावरचं आयुष्य सुरू झालं तेच मुळी दुसऱ्या गळ्यातून. ट्रिब्यूट बँडकडे नुसती नक्कल म्हणून पाहणाऱ्यांनी आधी या गोष्टीचा विचार करायला हवा.

ट्रिब्यूट बँड म्हणजे एकाच कलावंताची किंवा एकाच बँडची गाणी, शक्य तितकी मूळ रचनेला धरून, मंचावर सादर करणारा संच. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात किशोर, रफी, लता, आशा सगळ्यांची गाणी एका रात्रीत होतात. ट्रिब्यूट बँड मात्र एकाच घराण्याची शागिर्दी पत्करतो. बीटल्सची गाणी वाजवणारा ‘बूटलेग बीटल्स’ १९८० पासून चालू आहे. ‘ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो’ १९८८ मध्ये ॲडलेडला सुरू झाला आणि खुद्द पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरनं १९९६ मध्ये आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी त्यांना वाजवायला बोलावलं. क्वीनची गाणी करणारे बँड तर जगभर आहेत. माझं म्हणणं असं की हे बँड गेलेल्या माणसाला परत आणत नाहीत, तसा दावा करणाऱ्यांनी तो सोडून द्यावा. ते गाणं सांभाळतात. रॉकच्या जगात माणूस आणि गाणं इतकं एकजीव झालं आहे की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हेच आपण विसरलो.

फ्रेडीचीच सुरुवात पाहा, आणि ती महाराष्ट्रातली आहे. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारला एका पारशी कुटुंबात जन्मलेला फारूख बलसारा आठ-नऊ वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात दाखल झाला. तिथं तो पियानो शिकला आणि शाळेच्या गायनवृंदात गायला. १९५८ च्या सुमारास पाच मित्रांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात फारूख मुख्य गायक नव्हता, तो पियानो वाजवायचा. गायचं काम ब्रूस मरेकडे होतं. हा बँड वाजवायचा काय, तर क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड अशांची तेव्हा गाजणारी परकी गाणी. त्यांच्या श्रोत्यांत कुणी त्या गायकांना प्रत्यक्ष ऐकलेलं असण्याची शक्यता फारच कमी. रेडिओवरून आणि तबकडीवरून कानी पडलेली गाणी सह्याद्रीच्या माथ्यावरच्या एका शाळेत पहिल्यांदा जिवंत वाजली ती या मुलांच्या हातून. ज्याच्या गाण्यांवर आज शेकडो बँड उभे आहेत, त्याचं स्वतःचं शिक्षणच दुसऱ्यांची गाणी वाजवून झालं. आणि फ्रेडीच्या हयातीत क्वीनचा भारतात एकही कार्यक्रम झाला नाही. म्हणजे ज्या घाटावर तो वाजवायला शिकला, तिथल्या श्रोत्याला त्याची गाणी समोर बसून ऐकायची तर दुसऱ्याच कुणाकडून ऐकावी लागणार, हे तेव्हाही ठरलेलंच होतं.

रेकॉर्ड असताना हे सगळं कशाला, असा पहिला आक्षेप येतो. तो वजनदार आहे, कारण फ्रेडीचा आवाज उत्तम ध्वनिमुद्रित झालेला आहे आणि मोबाइलवर क्षणात मिळतो. याचं उत्तर त्याच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्यातच आहे. १९७५ चं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं. त्याचा मधला ऑपेरासारखा भाग फ्रेडी आणि क्वीनमधले त्याचे साथीदार ब्रायन मे व रॉजर टेलर या तिघांनी आपलेच आवाज एकावर एक चढवत उभा केला. आवाजांचे थर चढवण्यासाठी टेप इतक्या वेळा फिरवली की तिच्यावरचा लेप झिजून ती उजेडाला धरली तर आरपार दिसू लागली, ही गोष्ट बँडच्या लोकांनी अनेकदा सांगितली आहे. असा समूहस्वर चार माणसांना मंचावर उभा करता येईना. म्हणून क्वीनचे कलाकार तो भाग आला की मंचावरून आत जात, दिवे आणि ध्वनिमुद्रण चालू राही, आणि शेवटचा धडाकेबाज भाग सुरू होताना ते पुन्हा बाहेर येत. खुद्द फ्रेडीच्या कार्यक्रमातही त्याच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचा मधला भाग टेपवरून वाजायचा! आता काही ट्रिब्यूट बँड पाच-सहा गायक उभे करून तो भाग प्रत्यक्ष गातात. बीटल्सचंही असंच झालं. १९६६ च्या ऑगस्टनंतर त्यांनी दौरे थांबवले, त्यामुळे १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’मधली गाणी त्यांनी मैफलीत कधी वाजवलीच नाहीत, ती वाद्यवृंदासह मंचावर ऐकवली नंतरच्या लोकांनी. रेकॉर्ड म्हणजे गाण्याचा एक निकाल. गाण्यात आणखी काय काय दडलेलं आहे ते गाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

शिवाय फ्रेडीची कला केवळ गळ्यात नव्हती. १३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफलीत क्वीनला जेमतेम वीस मिनिटं मिळाली होती. त्यातही त्यानं वेळ काढून एकेक स्वर फेकला आणि अख्ख्या स्टेडियमनं तो परत केला, नुसत्या स्वरांची सवाल-जवाबासारखी देवाणघेवाण. रेकॉर्डवर आपण ती ऐकतो तेव्हा त्या गर्दीचे साक्षीदार असतो, सहभागी नसतो. ही कला टिकवायची तर समोर माणसं हवीत आणि मंचावर त्यांना हाक देणारा कुणीतरी हवा.

दुसरा आक्षेप सोंगाचा. खोट्या मिशा, पिवळं जाकीट, अर्ध्या उंचीचा माइकचा दांडा, आणि त्याच लकबीत वर गेलेला हात. हे पाहून ज्यांना अवघडल्यासारखं होतं त्यांच्याशी मी सहमत आहे. फ्रेडीच्या मिशांवर त्याच्या गाण्याचं काहीच अवलंबून नव्हतं. सत्तरच्या दशकात तो लांब केसांनी आणि नखांना काळा रंग लावून गायचा, मिशा १९८० च्या सुमारास आल्या. तो स्वतःच सतत बदलत होता, तर त्याला एकाच वेषात गोठवून ठेवणं ही निष्ठा कशी म्हणावी? १९९२ च्या त्या वेम्बलीच्या कार्यक्रमात जॉर्ज मायकलनं ‘समबडी टू लव्ह’ गायलं ते स्वतःच्या ढंगात, स्वतःच्या कपड्यांत. त्या रात्रीचं ते सर्वांत लक्षात राहिलेलं गाणं ठरलं. पुढे क्वीनच्या उरलेल्या सभासदांनी आधी पॉल रॉजर्स आणि मग ॲडम लॅम्बर्ट यांना सोबत घेतलं, तेही आवाजाच्या साम्यासाठी नाही. उलट मार्क मार्टेल या गायकाचा आवाज फ्रेडीशी विलक्षण जुळतो, इतका की २०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ चित्रपटात तो वापरला गेला; पण मंचावर तो फ्रेडीचा वेष करत नाही. सोंग आणि गाणं वेगळं करता येतं, हे या लोकांनी दाखवून दिलं आहे.

नक्कल की जतन, हा सगळा वाद तेलंगणात आदिलाबाद शहराला लागून, नागपूर-हैदराबाद महामार्गावर असलेल्या मावल्याच्या परिसरात थोडा विचित्रच वाटेल. या जिल्ह्यात मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू शेजारी शेजारी बोलल्या जातात, आणि दिवाळीच्या सुमारास गोंडांच्या दंडारी या नृत्योत्सवाचे दिवस येतात. मोरपिसांचा भलामोठा टोप घातलेले गुसाडी नर्तक गावोगाव फिरतात. गुसाडीचे नामवंत कलावंत कनकराजू मारलावईचे. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते वारले. त्यांनी कित्येक तरुणांना हे नृत्य शिकवलं. आता त्यांचे शिष्य नाचतात तेव्हा कुणी त्यांना कनकराजूंची नक्कल म्हणत नाही. टोप आणि पिसं कनकराजूंची नव्हतीच, ती परंपरेची. तीच गोष्ट परधानांची. किकरी हे तंतुवाद्य वाजवत गोंडांच्या उत्पत्तीच्या आणि वीरांच्या कथा गाणाऱ्या परधानांकडे त्या कथा बापाकडून मुलाकडे, कानातून कंठात आल्या. मध्ये एक पिढी गप्प बसली असती तर कथाच संपली असती. तिथं पुन्हा गाणं हाच जतन करण्याचा एकमेव मार्ग होता. रॉक संगीत नेमकं ध्वनिमुद्रणाच्या युगात वाढलं, म्हणून त्याला हा मार्ग कमी प्रतीचा वाटतो.

मराठी श्रोत्यालाही हे नवं नाही. गदिमांचं ‘गीतरामायण’ १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि वर्षभरात त्याची ५६ गाणी झाली. आज आपण ते सुधीर फडके यांच्या आवाजात आठवतो. पण रेडिओवर ती गाणी अनेक गायकांनी गायली होती, माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे हे त्यांतले. फडके यांनी एकट्यानं गावोगाव केलेले कार्यक्रम नंतरचे. २००२ मध्ये ते गेले आणि त्यांचे चिरंजीव श्रीधर फडके गीतरामायण गात राहिले. इतर भारतीय भाषांतही त्याच चालींवर ते उतरलं. गळा बदलला म्हणून चाल परकी झाली असं कुणी म्हटलं नाही. मग क्वीनच्या गाण्यांनाच वेगळा न्याय का?

तिसरा आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. सभागृहाचा मालक आणि महोत्सवाचा आयोजक खात्रीचं नाव मागतो. ‘क्वीन’ लिहिलं की तिकिटं खपतात, नव्या मुलांच्या स्वतःच्या गाण्यांना शुक्रवारची रात्र मिळत नाही. हे नुकसान खरं आहे. पण त्याचं खापर ट्रिब्यूट बँडवर फोडणं अर्धवट आहे, कारण नवे गायक बरेचदा याच तालमीतून वर येतात. टिम ओवेन्स हा अमेरिकन गायक जुडास प्रीस्ट या हेवी मेटल बँडची गाणी करणाऱ्या संचात गात होता; १९९६ मध्ये खुद्द जुडास प्रीस्टनं त्याला घेतलं. फिलिपिन्सचा आर्नेल पिनेडा मनिलाच्या क्लबांत ‘जर्नी’ या अमेरिकन बँडची गाणी गायचा, इंटरनेटवरच्या चित्रफिती पाहून २००७ मध्ये जर्नीनं त्याला मुख्य गायक केलं. बीटल्ससुद्धा हॅम्बुर्गच्या क्लबांत तासन्‌तास दुसऱ्यांची गाणी वाजवूनच तयार झाले. तरी आयोजकांनी एवढं करायला हरकत नाही: ट्रिब्यूट बँडच्या आधी अर्धा तास एखाद्या स्थानिक बँडला त्याच्या स्वतःच्या गाण्यांसाठी द्यावा. गर्दी आलेलीच असते.

राहिला पैशाचा प्रश्न. मृताच्या नावावर कमाई होते, असं म्हणणाऱ्यांनी हिशोबाची दुसरी बाजूही मागावी: मूळ कलावंताला श्रेय आणि मोबदला मिळतो का? गोव्याचं उदाहरण इथं उपयोगी आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद गोव्याच्या संगीतकारांनी उभे केले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्यांचं काम कोट्यवधींनी ऐकलं, पण बहुसंख्य वादकांची नावं पडद्यावर कधी झळकली नाहीत. बार्ड्रॉय बार्रेटो यांच्या ‘नाचुया कुंपासार’ या कोंकणी चित्रपटानं संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्या काळातली गाणी नव्यानं वाजवली, तेव्हा त्या काळाकडे नव्या पिढीचं लक्ष गेलं आणि चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. जुनी गाणी पुन्हा वाजवणाऱ्यानं ती कुणाची, हे नाव घेऊन सांगितलं पाहिजे, आणि मंचावरून सांगितलं पाहिजे. भारतीय कायद्यानुसार जाहीर कार्यक्रमात अशी गाणी करायची तर हक्कधारकांचा परवाना लागतो. गीतकार-संगीतकारांच्या वतीनं ते काम १९६९ पासून इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी पाहते. आपल्याकडे स्वामित्वहक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ फ्रेडीनं एकट्यानं लिहिलं, म्हणजे या हिशोबानं ते २०५१ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. परवान्याची ही रक्कम कार्यक्रमाच्या खर्चात पहिल्या ओळीला धरावी, मिशा-जाकिटाच्या भाड्याच्या आधी.