दारातला टॅग

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईहून नैरोबीला जाणाऱ्या विमानाच्या रांगेत मराठी कानावर पडतेच. मसाई मारातलं प्राण्यांचं स्थलांतर टिपायला निघालेली पुण्या-ठाण्याची मंडळी. अंगात खिसेवाली जाकिटं, आणि ती काही शोभेची नसतात. एका खिशात टेलिकन्व्हर्टर, दुसऱ्यात बॅटऱ्या, तिसऱ्यात मेमरी कार्डं. काउंटरवर बॅग काट्यावर चढते, माणूस चढत नाही. सगळं शहाणपण त्या फटीतलं.

कारण हिशेब जुळतच नाही. इकॉनॉमीत हातातल्या बॅगेला बहुतेक ठिकाणी ७ किलोची मुभा. ६०० मिमी एफ/४ लेन्स एकटीच ३ किलोची. दोन बॉड्या, एक छोटी झूम, शिवाय रिकाम्या बॅगेचं स्वतःचं वजन धरलं की चार्जर ठेवायलाही जागा उरत नाही. मग सामान विमानाच्या पोटात का टाकू नये? टाकता येतं, पण बॅग हरवली तर माँट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात भरपाईची कमाल मर्यादा प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी एकक), म्हणजे ढोबळमानाने पावणेदोन लाख रुपये. लेन्सच दहा लाखांच्या वरची असते. चेक-इन करताना जादा किंमत जाहीर करून, त्याचे पैसे भरून ही मर्यादा वाढवून घेण्याची सोय करारात आहे. ती वापरणारा फोटोग्राफर मला अजून भेटलेला नाही. विमा काढणारे मात्र भेटतात.

लेन्स पोटात टाकायची की नाही, हा तुमच्या काळजाचा प्रश्न. सुट्या बॅटरीला ती निवड नाहीच; ती केबिनमध्येच हवी. कॅमेऱ्यात बसवलेली बॅटरी, कॅमेरा पूर्ण बंद असेल तर, खाली गेलेली नियमात बसते. पॉवर बँक सुटी बॅटरीच धरतात.

आग लागणारी वस्तू माणसांजवळ ठेवायची, हे पहिल्यांदा ऐकताना उफराटं वाटतं. पण लिथियम-आयन सेलमधला प्लास्टिकचा पातळ पडदा फाटला, की आतल्या आत शॉर्ट होतं, उष्णता वाढते, तिने शेजारचा सेल पेटतो. सामानाच्या कप्प्यातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, सेल थंड करत नाही. केबिनमध्ये धूर दिसतो, कर्मचारी धावतात, ज्वाळा विझवून वर पाणी ओतत राहतात. २८ जानेवारी २०२५ला बुसानच्या विमानतळावर एअर बुसानच्या विमानात वरच्या रॅकमध्ये आग लागली. विमान अजून जमिनीवरच होतं. १७६ जण बाहेर पडू शकले. संशय पॉवर बँकेवर होता. १ मार्चपासून दक्षिण कोरियाने पॉवर बँक वरच्या रॅकमध्ये ठेवायला बंदी घातली: नजरेसमोर ठेवा.

खरी फजिती होते ती विमानाच्या दारात. रॅक भरलेले असतात, किंवा विमानच छोटं एटीआर असतं, आणि कर्मचारी हसतमुखाने तुमच्या बॅगेला टॅग लावतो: ही खाली जाईल. त्या क्षणी सुट्या बॅटऱ्या बाहेर काढाव्याच लागतात. मागे रांग खोळंबलेली, तुम्ही गुडघ्यावर बसून फोमचे कप्पे उपसताय. म्हणून जुनी मंडळी बॅटऱ्या मुळातच वेगळ्या पाऊचमध्ये ठेवतात, प्रत्येकीला प्लास्टिकची टोपी, नाहीतर टोकांवर चिकटपट्टी. किल्ली किंवा नाणं दोन टोकांना टेकलं तरी शॉर्ट होतं.

क्षमतेचा आकडा वॉट-अवरमध्ये पाहतात. लेबलवर नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. कॅमेऱ्याची नेहमीची बॅटरी जेमतेम १६ भरते. १००पर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची संमती हवी आणि सुट्या दोनच. त्यापुढे प्रवासी विमानात नाही. व्हिडिओवाल्यांच्या व्ही-माउंट बॅटऱ्या ९८-९९ वॉट-अवरच्या का मिळतात, याचं उत्तर इथे आहे. २७,००० एमएएचची पॉवर बँकही ३.७ व्होल्टने गुणली की ९९.९ भरते. मोठ्या औद्योगिक ड्रोनच्या बॅटऱ्या मात्र २५०च्याही पुढे जातात. त्या मालवाहतुकीनेच पाठवाव्या लागतात.

नैरोबीला उतरल्यावर विल्सन विमानतळावरून माराला जाणारं इवलंसं विमान घ्यायचं, तर हातातल्या बॅगेसकट १५ किलो आणि बॅग मऊच हवी. चाकांची टणक पेटी घेऊन आलेल्याचा चेहरा तिथे पाहावा.

आणखी एक काम मुंबईतच, निघतानाच उरकायचं असतं. कस्टम्सच्या खिडकीवर बॉडी आणि लेन्सचे सीरियल नंबर दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं. दहा-पंधरा मिनिटांचा कंटाळा येतो, म्हणून बरेचजण टाळतात. परतताना धुळीने माखलेली ती लेन्स नैरोबीत विकत घेतलेली नाही, हे पहाटे तीन वाजता अधिकाऱ्याला पटवून देणं मग त्यांच्याच वाट्याला येतं.