भांडण पत्र्याचं, गिअरबॉक्स एकच

पिकअप ट्रकमध्ये फोर्ड एफ-150 चांगला की शेव्हरोले सिल्व्हराडो, हा प्रश्न मिशिगनमध्ये जरा जपूनच विचारावा. संपादकांनी सांगितलं होतं, ‘दोन्ही बघा आणि कोणता घ्यावा ते लिहा.’ डेट्रॉईट परिसरातल्या मराठी मंडळींकडे चौकशी केली, तर कुणी फोर्डच्या नोकरीत, कुणी शेव्हरोलेची मालक असलेल्या जनरल मोटर्सच्या. तटस्थ साक्षीदार काही मिळेना.

इतिहास थोडक्यात उरकतो. 1925 मध्ये फोर्डने मॉडेल टी गाडीला कारखान्यातच मागे हौदा जोडला आणि 281 डॉलरला ती विकायला काढली. 1964 पासून परदेशातून येणाऱ्या हलक्या ट्रकवर अमेरिकेत 25 टक्के कर बसला. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला, त्याचा तो वचपा. कोंबड्यांचं भांडण मिटलं, कर राहिला आणि देशी कंपन्यांचं फावलं. एफ-150 ज्यात मोडतो ती फोर्डची एफ-सीरीज 1977 पासून अमेरिकेतला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे. 2024 मध्ये सुमारे 7 लाख 65 हजार विकले गेले. सिल्व्हराडो साडेपाच लाखांच्या पुढे. मात्र त्याचंच जुळं भावंड जीएमसी सिएरा वेगळं मोजलं जातं. दोघांची बेरीज केली की फोर्ड मागे पडतो. ही बेरीज फोर्डवाले करत नाहीत.

खरी जुंपली ती पत्र्यावरून. 2015 च्या मॉडेलपासून फोर्डने एफ-150 ची केबिन आणि हौदा ॲल्युमिनियमचा केला, वजन 700 पौंडांपर्यंत घटवलं. खालची चेसिस पोलादीच ठेवली. शेव्हरोलेने 2016 मध्ये जाहिरात काढली: दोन्ही हौद्यांत 825 पौंडांचे, म्हणजे पावणेचारशे किलोंचे, काँक्रीटचे ठोकळे ओतले. सिल्व्हराडोला पोचे आले, एफ-150 ला भोकं पडली. मग 2019 चा सिल्व्हराडो आला, तेव्हा त्याचे दरवाजे, बॉनेट आणि मागचा फाळका ॲल्युमिनियमचा होता! हौदा तेवढा पोलादी ठेवला.

फोर्डच्या डिअरबॉर्नमधल्या रूज कारखान्यात प्रेक्षकांसाठी उंचावरून फेरफटका आहे. खाली रंगवलेल्या केबिन सरकत येतात. आत शिरायला अडचण नको म्हणून त्यांचे दरवाजे उतरवून वेगळ्या रांगेने पाठवतात आणि शेवटी ज्याचे त्यालाच बसवतात. एक कामगार बाई रबराची पट्टी अंगठ्याने दाबत चौकटीभर नेत होती. कोपऱ्याशी आली की मुठीचा एक ठोका. पुढची केबिन, पुन्हा अंगठा, पुन्हा ठोका. घड्याळाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

पण मला खिळवून ठेवलं ते दहा गतींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने. कारण तो दोघांचा सामाईक आहे. टीव्हीवर एकमेकांचे हौदे फोडणाऱ्या या कंपन्यांनी 2013 मध्ये करार केला: मागच्या चाकांना ताकद देणारा दहा गतींचा गिअरबॉक्स फोर्डने आखायचा, पुढच्या चाकांच्या गाड्यांसाठीचा नऊ गतींचा जनरल मोटर्सने. जावांनी चव्हाट्यावर भांडावं आणि तिजोरीची किल्ली एकीच्याच पदराला असावी, तसला प्रकार. फोर्ड तो लिव्होनियात बनवते, जनरल मोटर्स रोम्युलसमध्ये. दोन्ही गावं एकाच वेन काउंटीत.

आत दातेरी चक्रांचे चार संच, मधल्या चक्राभोवती छोटी चक्रं फिरतात असे. त्यांना धरणारे-सोडणारे क्लच आणि ब्रेक मिळून सहा. कोणत्याही गिअरमध्ये सहापैकी चार घट्ट आवळलेले आणि दोनच मोकळे असतात. मोकळा क्लच तेलात घासत फिरतो आणि इंधन खातो, म्हणून मोकळे जितके कमी तितकं बरं. एवढ्या थोड्या भागांतून दहा गती काढणं ही हुशारी आहे, तिला दाद द्यायलाच हवी. कोणता क्लच कधी आवळायचा, हे सांगणारं सॉफ्टवेअर मात्र ज्याचं त्याचं वेगळं.

आता काळजीचं. फोर्डच्या या गिअरबॉक्सला हिसके बसतात अशी तक्रार घेऊन मालक कोर्टात गेले. जनरल मोटर्सने 2024 मध्ये सुमारे 4 लाख 60 हजार डिझेल गाड्या परत बोलावल्या, म्हणजे रिकॉल केल्या: दहा गतींच्या गिअरबॉक्समधला व्हॉल्व्ह झिजला तर मागची चाकं अचानक जाम होण्याचा धोका होता. 2025 मध्ये त्यांच्या 6.2 लिटरच्या व्ही-8 इंजिनाची पाळी आली. अमेरिकेतच सुमारे सहा लाख गाड्या. तपासणीत पास झालेल्या इंजिनांना उपाय म्हणून जाड तेल दिलं. फोर्डने त्याच एका वर्षात शंभराहून जास्त रिकॉल काढले. शिवाय सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगोचा नोव्हेलिसचा ॲल्युमिनियम कारखाना पेटला आणि पत्र्याअभावी एफ-150 चं उत्पादन अडलं. हलक्या पत्र्याची ही किंमत जाहिरातीत नव्हती.

संपादकांना निकाल हवा आहे, तर देतो. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात त्या मुलखात गंज न चढणाऱ्या केबिनसाठी एफ-150. दगड-विटा वाहायच्या असतील तर पोलादी हौद्याचा सिल्व्हराडो, पण 6.2 चं इंजिन सोडून. आणि तिकडच्या आपल्यांपैकी कुणी जुना ट्रक घ्यायचा ठरवला असेल, तर पैसे देण्याआधी गाडीचा 17 अक्षरी-अंकी व्हीआयएन नंबर अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. राहिलेला रिकॉल तिथे कळतो आणि ती दुरुस्ती डीलरकडे फुकट होते.