पोट भरलं, पण मेंदूला सांगणार कोण?

डहाणू रोडहून चर्चगेट लोकल पकडली, की शेवटच्या टप्प्यात चर्नी रोड स्टेशनाजवळ सैफी हॉस्पिटल दिसतं. फेब्रुवारी 2017मध्ये इजिप्तची इमान अहमद इथे दाखल झाली. वजन सुमारे 500 किलो सांगितलं गेलं. मार्चमध्ये डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या पथकाने तिच्या जठराचा मोठा भाग काढला. जनुकीय तपासणीत दोष सापडला तो लेप्टिनच्या रिसेप्टरमध्ये.

लेप्टिन म्हणजे चरबीने मेंदूला धाडलेला निरोप: ‘साठा पुरेसा आहे, आता थांब.’ तो घेतो मेंदूतला बदामाएवढा हायपोथॅलॅमस. इमानच्या बाबतीत निरोप घेणारं दारच बिघडलं होतं. काहींचं दार जन्मतः ठीक असतं. पण क्रॅनिओफॅरिंजिओमासारख्या मेंदूतल्या गाठीने, किंवा ती काढताना, घरालाच, म्हणजे हायपोथॅलॅमसलाच, तडा जातो. मग ताटभर भात जेवूनही भूक शमत नाही आणि शरीर ऊर्जाही कमी जाळतं.

इमानवर झाली तशा शस्त्रक्रियेने काय होतं? जठराची केळ्यासारखी नळी उरते. भूक चाळवणारं घ्रेलिन मुख्यतः जिथे बनतं, तो वरचा फुगीर भागही जातो. वजन उतरू शकतं, पण मेंदूतली इजा तशीच राहते. म्हणून परिणाम माणसागणिक वेगळा.

डहाणू-तलासरीत अंगणवाडीचा वजनकाटा आपण कुपोषणासाठी पाहतो. मेंदूतल्या गाठीवर उपचार झालेल्या मुलाचं वजन त्याच काट्यावर झपाट्याने चढू लागलं, तर त्याला ‘खादाड’ म्हणू नका, हार्मोनतज्ज्ञ गाठा.