बेल्जियमची भाषासीमा

बेल्जियम हा देश महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाएवढा आहे. वस्ती सुमारे १ कोटी १८ लाख. या देशाच्या नावाची भाषा मात्र जगात नाही. उत्तरेकडच्या फ्लांडर्समध्ये डच बोलतात, दक्षिणेकडच्या वालोनियात फ्रेंच, आणि पूर्वेच्या एका कोपऱ्यात जर्मन. राजधानी ब्रसेल्स कायद्याने द्विभाषिक आणि व्यवहारात बव्हंशी फ्रेंच, परंतु तिच्या चारी बाजूंना मुलूख डच भाषेचा. भाषेची सीमा एकदा नीट आखून दिली की तंटा मिटतो, असे सीमाप्रश्नात पिढ्या घालवलेल्या आपल्या माणसांना वाटणे स्वाभाविक आहे. बेल्जियमने ती सीमा १९६२ साली खरोखरच कायद्याने आखली. तिची हकीकत आम्हांला म्हणूनच सांगावीशी वाटते.

आधी भूमीची ओळख करून घेऊ. समुद्रकिनारा अवघा ६७ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून बदलापूरला लोकलने जावे तेवढा. किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ट्रामगाडी धावते. वाळूच्या टेकड्यांमागची जमीन सखल, पुष्कळशी बांध घालून समुद्राकडून मिळवलेली. १९१४ च्या ऑक्टोबरात न्यूपोर्ट येथील जलद्वारे भरतीच्या वेळी उघडून बेल्जियन सैन्याने ही जमीन मुद्दाम बुडवली आणि जर्मन फौजांना इझेर नदीकाठी अडवले. देशाचा तो चिमुकला कोपरा चार वर्षे शत्रूच्या हाती गेला नाही. दक्षिणेकडे जावे तशी जमीन चढत जाते, मग आर्देनची जंगले लागतात. तरी सर्वांत उंच जागा ६९४ मीटरच, आपल्या माथेरानहूनही ठेंगणी.

समुद्राने येथे शहरे घडवली आणि मोडलीही. ब्रूज हे मध्ययुगातले मोठे व्यापारी बंदर, परंतु त्याचा खाडीमार्ग गाळाने भरत गेला आणि व्यापार अँटवर्पला गेला. अँटवर्प शेल्ड नदीवर वसलेले, पण नदीचे मुख हॉलंडच्या ताब्यात. १५८५ साली स्पॅनिश सैन्याने शहर घेतले तेव्हा डचांनी नदीची वाट अडवली, आणि मग दोन शतकांहून अधिक काळ ॲमस्टरडॅमची भरभराट होत राहिली. आज अँटवर्प युरोपातील अग्रगण्य बंदरांपैकी एक आहे. तेथील हिऱ्यांच्या बाजारात पालनपूरकडच्या गुजराती जैन व्यापाऱ्यांनी चांगला जम बसवला असून त्याचे धागे मुंबईपर्यंत येतात.

आता भाषेकडे वळू. डच आणि फ्रेंच यांना विभागणारी रेघ पूर्वपश्चिम जाते. तिच्यावर डोंगर नाही, मोठी नदीही नाही. ती शेतांतून आणि खेड्यांच्या वेशींवरून जाते. नकाशात ही रेघ आडवी दिसते, परंतु खरी रेघ समाजात होती. १८३० साली हॉलंडपासून फुटून बेल्जियम स्वतंत्र झाले, तेव्हा राज्यकारभार, न्यायालये, उच्च शिक्षण, सगळे फ्रेंचमध्ये चाले. बहुसंख्य प्रजा डचच्या बोली बोलणारी. पण फ्लांडर्समधला श्रीमंत माणूसही घरात फ्रेंच बोले आणि गड्याशी तेवढी फ्लेमिश. १९११ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणारा मेटरलिंक हा घेंटचा, म्हणजे अस्सल फ्लेमिश शहराचा. लेखन मात्र फ्रेंच. शिवाय कोळसा आणि लोखंड वालोनियात, त्यामुळे पैसाही तिकडेच. फ्लांडर्सचे भुकेले मजूर खाणीत काम शोधायला दक्षिणेस जात. अशाच दोघा फ्लेमिश मजुरांना, कुके आणि गुथाल्स यांना, १८६० साली शार्लरॉ येथे खुनाच्या आरोपावरून फाशी दिले गेले. खटला फ्रेंचमध्ये चालला होता, आणि ती भाषा त्यांना धड कळत नव्हती. हे प्रकरण फ्लेमिश चळवळीच्या मनात कायमचे रुतून बसले. फौजदारी न्यायालयांत फ्लांडर्सपुरती डच येण्यास १८७३ साल उजाडले, कायद्यांच्या पाठाला दोन्ही भाषांत समान मान मिळण्यास १८९८, आणि घेंटचे विद्यापीठ पूर्णपणे डच होण्यास १९३०.

या चळवळीचा एक माणूस आपल्या देशात आला. फादर कामिल बुल्के यांचा जन्म १९०९ साली फ्लांडर्सच्या समुद्राजवळच्या एका खेड्यात झाला. लूव्हाँ येथे विद्यार्थी असताना ते फ्लेमिश भाषेच्या चळवळीत होते. १९३५ साली भारतात आल्यावर त्यांना दिसले की येथील शिकलेले लोक इंग्रजीपुढे आपली भाषा हलकी मानतात. हे दृश्य त्यांच्या ओळखीचे होते. त्यांनी अलाहाबाद विद्यापीठात रामकथेवरचा प्रबंध आग्रहाने हिंदीतच लिहिला, पुढे नामांकित इंग्रजी-हिंदी कोश केला आणि भारताचे नागरिकत्व घेतले. तुलसीदासांचा हा भक्त घडला तो फ्लांडर्सच्या भाषिक दुखण्यातून, असे आमचे मत आहे.

सीमा आखण्याचे काम प्रथम खानेसुमारीवर सोपवले होते. १९३२ च्या कायद्याप्रमाणे दर खानेसुमारीत गावोगावी भाषा विचारावी आणि ज्या भाषेचे लोक जास्त, त्या भाषेत कारभार करावा, असे ठरले. वरकरणी याहून न्याय्य काय असणार? परंतु खानेसुमारीच्या कागदावर माणूस नुसते काय बोलतो ते लिहीत नाही, आपल्याला कोणांत मोजावे तेही लिहितो. फूरेन हा लीएज शहराजवळचा सहा खेड्यांचा टापू. १९३० साली तेथे डच बोलणारे मोठ्या बहुमतात होते. १९४७ साली बहुमत फ्रेंचांचे निघाले. सतरा वर्षांत गावाची जीभ बदलत नाही. घरची बोली तीच होती, पण बाजार लीएजचा, नोकरी लीएजची, आणि महायुद्धात काही फ्लेमिश पुढाऱ्यांनी जर्मनांशी हातमिळवणी केल्याने ते नाव लावण्याची इच्छाही उरली नव्हती. दर मोजणीला सीमा उत्तरेस सरकते असे पाहून फ्लेमिश लोकांनी भाषेच्या प्रश्नालाच विरोध केला. १९६१ च्या खानेसुमारीतून तो गाळला गेला, आणि पुढे कधीच विचारला गेला नाही. किती बेल्जियन कोणती भाषा बोलतात याचा सरकारी आकडा त्यामुळे आज मिळत नाही!

१९६२ च्या कायद्याने रेघ कायमची ठरली. फूरेन लीएज प्रांतातून काढून फ्लेमिश लिंबुर्गला जोडले, पश्चिमेकडचे मुस्क्रों फ्लांडर्समधून काढून फ्रेंच भागाला दिले. सीमेवरच्या काही गावांना दुसऱ्या भाषेत कागदपत्रे मिळण्याच्या सवलती ठेवल्या. सरकारी दप्तरात हिशेब सरळ दिसत होता.

सहा वर्षांच्या आतच लूव्हाँ पेटले. हे विद्यापीठ १४२५ सालचे. दोन्ही महायुद्धांत त्याचे ग्रंथालय जळले आणि दोनदा पुन्हा उभे राहिले. शहर फ्लेमिश प्रदेशात, तेव्हा विद्यापीठाच्या फ्रेंच विभागाने तेथून निघावे, अशी मागणी विद्यार्थ्यांनी केली. १९६८ साली त्यावरून सरकार पडले आणि विद्यापीठाचे दोन भाग झाले. फ्रेंच विभागासाठी सीमेपलीकडे नवे गावच वसवण्यात आले. राहता राहिले ग्रंथालय. पुस्तकांच्या पुष्कळशा वाटण्या चक्क सम आणि विषम क्रमांकांनी झाल्या, त्यात काही ग्रंथमालांचे खंडही दोन गावांत विखुरले. भाऊबंदकीत भांडी वाटून घेतल्याचे आपण पाहिले आहे. पण तेथेही कढई एकाला आणि तिचे झाकण दुसऱ्याला देत नाहीत.

पुढे राज्यघटना टप्प्याटप्प्याने बदलत गेली, आणि १९९३ साली बेल्जियम संघराज्य झाले. दरम्यान खाणी बंद पडून वालोनिया मागे पडले, फ्लांडर्स श्रीमंत झाले, तेव्हा कोण कोणाला पोसतो हा नवा वाद जुन्या वादाला येऊन मिळाला. २०१० च्या निवडणुकीनंतर मंत्रिमंडळ बनायला ५४१ दिवस लागले. तरी देश फुटला नाही, याचे मोठे कारण ब्रसेल्स असे आम्हांला वाटते. ते दोघांनाही हवे आहे, आणि त्याची वाटणी सम-विषम क्रमांकांनी होत नाही.

फूरेनचे भांडण मात्र चालूच राहिले. तेथील फ्रेंच पक्षाचे महापौर जोझे आपार डच येते हे दाखवायला तयार नव्हते, आणि त्या तंट्यात १९८७ साली अख्ख्या देशाचे सरकार गेले. त्या खेड्यांत हॉलंडचे बरेच लोक स्वस्त घरे घेऊन राहतात. युरोपीय संघाच्या नियमाने त्यांना स्थानिक निवडणुकीत मत मिळाले, आणि २००० साली डच भाषकांच्या यादीला प्रथमच बहुमत मिळाले.