लिंबाएवढ्या डबीत दहा किलोमीटर दोरा

मुलांनो, तुमचा उजवा हात समोर धरा आणि नीट बघा. नखं कडक, तळव्याची कातडी मऊ, आत हाडं, हाडांवर स्नायू. हे सगळं पेशींचं बनलेलं आहे, हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेलच. आता गंमत ऐका. नखाच्या मुळाशी असलेल्या पेशीत आणि तुमच्या डोळ्यातल्या पेशीत शरीर घडवण्याचा मजकूर जवळजवळ सारखाच लिहिलेला असतो! या मजकुराचं नाव डीएनए. (रक्तातल्या तांबड्या पेशींत तो नसतो, पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.)

मग डोळ्यात नख का उगवत नाही?

उत्तर शोधण्याआधी हा मजकूर राहतो कुठे ते पाहू. एका पेशीतला डीएनए सरळ ताणला, तर सुमारे २ मीटर भरतो. तो राहतो पेशीच्या केंद्रकात, आणि केंद्रक तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. समजा, केंद्रक फुगवून लिंबाएवढं केलं, तर त्याच मापाने आतला दोरा होईल सुमारे १० किलोमीटर! आमच्या रेणापूरहून लातूरला निघालेली एसटी एवढ्या अंतरात जवळजवळ अर्ध्या वाटेवर पोचते. आणि दोरा किती बारीक? केसाहूनही बारीक.

एवढा दोरा कोंबून भरला तर गुंता व्हायचा. पण पेशी तो कोंबत नाही, घड्या घालते. आजीची नऊवारी पेटीत ठेवताना पदर वर ठेवतात ना, म्हणजे काढायला सोपा जातो. तसंच इथंही आहे. डोळ्याच्या पेशीत डोळ्याला लागणारा मजकूर हाताशी राहतो, आणि नखाचा मजकूर घट्ट घडीत मिटून जातो. फाडून टाकलेला नसतो बरं का, फक्त मिटलेला असतो.

आता एक करून पाहा. दहा हात सुतळी घ्या. एका टोकाजवळ लाल दोरा बांधा. हे झालं जनुक, म्हणजे मजकुरातलं एक कामाचं वाक्य. दुसऱ्या टोकाजवळ निळा दोरा बांधा. हे त्या जनुकाचं बटण. सुतळी अंगणात सरळ पसरली, तर बटण इकडे आणि दिवा तिकडे! आता लाल आणि निळा दोरा एकमेकांना टेकवा आणि वाळत घालायच्या कपड्यांचा चिमटा लावा. मधली सुतळी वेटोळं होऊन लोंबेल. पेशीतही असंच होतं. वेटोळं पडलं की लांबचं बटण जनुकाच्या जवळ येतं.

हाताचंच उदाहरण घ्या. बोटं घडवणाऱ्या एका महत्त्वाच्या जनुकाचं नाव आहे ‘सोनिक हेजहॉग’. हो, व्हिडिओ गेममधला तो निळा साळू! १९९३ मध्ये शास्त्रज्ञांनी गमतीने हे नाव ठेवलं, आणि ते चिकटलं. या जनुकाचं हातापायांसाठीचं बटण त्याच्यापासून सुमारे १० लाख अक्षरं दूर आहे, तेही दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात. सापाच्या पूर्वजांत हे बटण चालू होतं, पुढे ते बिघडलं. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी उंदराचं बटण काढून त्या जागी सापाचं घातलं, तर उंदराच्या पिलांना पायांच्या जागी नुसते खुंट आले.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या अंगठ्याला जोडून एक जास्तीचं बोट होतं. मुलं चिडवायची ते वेगळंच, पण मोठी माणसं तिच्या आईला म्हणायची, “ग्रहणात विळीवर बसली असशील!” पालकांनो, हे तुमच्यासाठीही लिहिते आहे. सहाव्या बोटाची कारणं अनेक असतात. पण अंगठ्याकडचं बोट जास्तीचं असलेल्या काही घराण्यांत असं दिसलं, की याच लांबच्या बटणातलं एक अक्षर बदललेलं आहे. फक्त एक! अमेरिकेत अर्नेस्ट हेमिंग्वे या लेखकाच्या घरी सहा बोटांची मांजरं आहेत. त्यांचंही कारण हेच निघालं. मांजरीने काय ग्रहणात भाजी चिरली? हाताची आखणी होते तेव्हा पोटातलं बाळ जेमतेम भुईमुगाच्या दाण्याएवढं असतं. आईला बोल लावायचं काहीच कारण नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, पेशीत चिमटा कुठून आला? चिमट्याचं काम प्रथिनं करतात, आणि ठिकठिकाणची प्रथिनं वेगवेगळी असतात. त्यातल्या एकाचा अभ्यास आपल्या पुण्यात झाला आहे. डॉ. संजीव गलांडे यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पीएच.डी. केली आणि मग ते अमेरिकेत बर्कलेच्या प्रयोगशाळेत गेले. पदवी मिळाल्यावरही दुसऱ्या जाणत्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काही वर्षं शिकायचं, याला ‘पोस्टडॉक’ म्हणतात. तिथे तेरुमी कोही-शिगेमात्सू या बाईंच्या प्रयोगशाळेत त्यांनी ‘सॅटबी-१’ या प्रथिनावर काम केलं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथे तयार होताना हे प्रथिन डीएनएची वेटोळी धरून ठेवतं. ज्या उंदरांत ते नव्हतं, त्यांच्या या पेशी अर्धवटच राहिल्या आणि उंदीर काही आठवड्यांतच मेले.

२००१ मध्ये गलांडे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आले. २००६ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं, की या प्रथिनाला फॉस्फेटचा एक कण चिकटला की नाही, यावर जनुकं दाबून ठेवायची की चालू करायची हे ठरतं. २०१० मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

पुढे त्यांनी पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेत हायड्रा हा प्राणीही अभ्यासाला घेतला. हायड्राचं डोकं कापलं तर नवं येतं! डोक्याचा मिटलेला मजकूर धडात कसा उघडतो, हे त्यांच्या गटाने तपासलं. हायड्रा गोड्या, संथ पाण्यात राहतो, पाणवनस्पतीला चिकटून. लांबी सेंटीमीटरभर किंवा त्याहून कमी. कोणा मोठ्या माणसाला सोबत घेऊन तळ्यातल्या पाणवनस्पती काचेच्या बरणीत आणा, तासभर बरणी हलवू नका, आणि भिंगातून बघा. दोऱ्यासारखे हात हलताना दिसले, तर मला पत्र लिहून कळवा.